मौनाच्या जेवणातलं मीठ

चैत्र सरत आला की लालबागला शिंका सुरू होतात. ऑफिसातून येताना बसमधून उतरले की पहिली शिंक, मसाल्याच्या गल्लीच्या तोंडाशी दुसरी, आणि तिथून आमच्या बिल्डिंगच्या गेटपर्यंत मी नाकाला ओढणी लावून, डोळे पुसत चालते. गल्लीत मिरच्यांची पोती उघडी पडलेली असतात. फुटपाथवर मोठाल्या कढयांमधून बाया मिरच्या भाजत असतात आणि मागच्या अंधाऱ्या गाळ्यांत डंकांची लोखंडी मुसळं ओळीनं वरखाली होत असतात. वर्षाचा मसाला कांडून न्यायला बायका कुठून कुठून येतात, पार विरार-बदलापूरहून. आपापल्या डब्यांची रांग लावतात आणि नंबर येईपर्यंत शेजारणीच्या मिरच्यांना नावं ठेवतात.

सगळ्यांचेच डोळे लाल असतात, त्यामुळे त्या गल्लीत कुणी खरोखर रडत असलं तरी कळत नाही. मला एकदा त्याचा उपयोग झालेला आहे. चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी माझ्या सासूबाईंशी जे वागले, ते मला दरवर्षी याच दिवसांत आणि याच वासानं आठवतं. वाईट हेतूनं वागले असते तर एक वेळ माफी मागून मोकळी झाले असते. मी त्यांचं भलं करायला निघाले होते.

मी मूळची गिरगावची. खोताच्या वाडीच्या अलीकडच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर. वडील कचेरीत कारकून, त्यामुळे घरातलं सगळं कचेरीसारखं वेळेवर आणि हळू आवाजात. जेवताना बोलायचे शब्द दोनच, ‘वाढा’ आणि ‘पुरे’. लग्न होऊन लालबागला आले तेव्हा सासरी जेवण म्हणजे काय कल्लोळ असतो ते पाहून मी आठवडाभर नीट जेवलेच नव्हते. सासरची माणसं मालवणकडची. सासरे गिरणीत होते, तिथल्या यंत्रांच्या आवाजावर मात करून बोलायची त्यांना सवय, ती घरीही सुटली नव्हती. माशाचा काटा काढता काढता गावच्या जमिनीचा वाद, शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न, सगळं पानावर यायचं. आणि या सगळ्यात सासूबाई, म्हणजे आमच्या आई, पहिला घास आमच्या तोंडात गेला की हातातला डाव तसाच धरून विचारायच्या, “मीठ कसा झालाहा?”

रोज. दोन्ही वेळा. मी त्या घरात आल्यापासून.

त्याला कारण होतं. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी अन्न उष्टं करायचं नाही, म्हणून आईंनी जन्मात कधी शिजताना काही चाखून पाहिलं नाही. मीठ हाताच्या अंदाजानं पडायचं आणि अंदाज बरोबर आला की नाही ते पंगत सांगायची. पण पंगतीनं सांगणं कधीच सोडून दिलं होतं. माझा नवरा नितीन घास चावत “हं” म्हणायचा. मी “छान” म्हणायचे, आणि ‘छान’ म्हणताना बहुतेक वेळा मोबाइलकडे बघत असायचे. त्यांचा प्रश्न घरातल्या पंख्याच्या आवाजासारखा झाला होता.

सासरे गेले. आमची जुनी चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही अकराव्या मजल्यावर गेलो. आईंनी चुलीचा, स्टोव्हचा, गॅसचा आणि आता गुळगुळीत काचेच्या शेगडीचा, असा सगळ्यांचा हात बसवून घेतला. तो उन्हाळा यायच्या आधीच्या वर्षी त्यांना मोठा ताप आला होता. पंधरा दिवस अंथरुणावर होत्या. उठल्या, थोड्या वाळल्या होत्या, पण तिसऱ्या दिवशी पुन्हा ओट्यापाशी उभ्या. “मीठ कसा झालाहा?” पुन्हा सुरू. आम्ही म्हटलं, चला, आई बऱ्या झाल्या.

मला कशाचंही वेड लवकर लागतं, हे माझ्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे मान्य आहे. तेव्हा मला ॲसिडिटीनं हैराण केलं होतं, रात्रीची झोप नीट नव्हती, ऑफिसात मी लोकांवर खेकसत होते. ऑफिसमधली एक मैत्रीण मला दादरच्या एका हॉलमध्ये घेऊन गेली. सात रविवार, सात चक्रं. प्रत्येक चक्राचा रंग, प्रत्येक रंगाचं अन्न. शिकवणाऱ्या मॅडम पांढऱ्या सुती साडीत यायच्या आणि इतक्या हळू बोलायच्या की आम्ही तीस बायका श्वास रोखून ऐकायचो. मूलाधारासाठी लाल आणि जमिनीखालचं, म्हणजे बीट, गाजर, रताळं. स्वाधिष्ठानाला संत्रं, पपई, भोपळा. मणिपूर पिवळं, तिथे मूगडाळ, केळं, लिंबू. अनाहत म्हणजे हृदयाचं, त्याला हिरव्या पालेभाज्या. तिखट वर्ज्य, कारण तिखटानं चक्रं भडकतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जेवताना मौन. डोळे मिटायचे, घास बत्तीस वेळा चावायचा, चेहऱ्यावर हलकं स्मित ठेवायचं.

मी घरी येऊन फ्रिजवर तक्ता लावला. वार, चक्र, रंग, पदार्थ. आईंनी चष्मा लावून तो नीट वाचला.

“सात चक्रा?” त्या म्हणाल्या. “आणि तेंका रोज येगळा येगळा खावक घालूचा?”

“हो आई. आपल्याला वाटतं आपण पोटाला खातो. पण प्रत्येक चक्राला त्याचं त्याचं पोषण लागतं.”

“बरा,” त्या म्हणाल्या. “पाहुणे काय रोज येतत. सात आसले म्हणान काय झाला.”

मी हसले नाही. मी त्या दिवसांत फारशी हसतच नव्हते, फक्त स्मित ठेवत होते.

आता आठवलं की हसू येतं. विशुद्ध चक्राचा वार आला तेव्हा निळं काय खायचं हा प्रश्न पडला. जांभळं अजून बाजारात यायची होती. मी दादरच्या फूलबाजारातून गोकर्णाची फुलं आणली, ती उकळून त्या पाण्यात भात शिजवला. नितीननं ताटाकडे बघून विचारलं, “अगं, भातात नीळ घातलीस काय? माझे शर्ट धुतेस तशी?” आमची जुई तेव्हा अकरा वर्षांची. तिनं मौनाच्या मध्यावर जाहीर केलं, “मम्मा, बाबा चीटिंग करतोय. डोळे उघडे ठेवून जेवतोय.” मी डोळे मिटूनच विचारलं, “मग तुला कसं दिसलं?” त्यावर दोघं बापलेक फसकन हसले आणि आईही हसल्या. निळ्या भातावरचं ते हसू त्या दिवसांतलं शेवटचं असावं. मग मी नियम कडक केले.

विशुद्ध चक्र घशात असतं, वाणीचं. त्याला पोसायचं म्हणून मी सगळ्यांची तोंडं बंद केली होती, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

मौनाचा पहिला दिवस मला स्पष्ट दिसतो. लाल वार होता. बीटाची भाजी, बिनतिखटाची आमटी. आम्ही डोळे मिटले, पहिला घास घेतला आणि सवयीनं आवाज आला, “मीठ कसा झालाहा?” मी डोळे उघडले आणि ओठांवर बोट ठेवलं. लहान मुलाला गप्प करतात तसं. आईंचा डाव हवेतच राहिला. मग त्यांनी तो हळूच पातेल्यात ठेवला आणि आपल्या पानावर बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून स्वतःच मिटलं. तिसऱ्या दिवसापासून विचारणं बंद झालं. मला वाटलं, चला, शिस्त लागली.

त्या महिन्यात एक मात्र मला अर्धवट दिसत होतं. मधेच पापणी किलकिली झाली तर आई समोर जेवत नसायच्या, आमच्या चेहऱ्यांकडे टक लावून बघत असायच्या. नितीनच्या, जुईच्या, मग माझ्या. मला राग यायचा. इतकं समजावलं तरी यांचं चित्त घासावर नाही, सगळं लक्ष दुसऱ्याच्या ताटात. मी माझा चेहरा आणखी शांत करायचे.

मग जेवण बिघडायला लागलं. एका दिवशी आमटी खारट, इतकी की बत्तीस वेळा चावायचं म्हणजे शिक्षा. दोन दिवसांनी भोपळ्याच्या भाजीत मिठाचा कणही नाही. जेवण संपवून हात धुतल्यावर मी सांगायचे, “आई, आज आमटीत मीठ दोनदा पडलं बहुतेक.” त्यांचा चेहरा पडायचा. “पडला काय?” एवढंच. मी नितीनला आत नेऊन म्हणाले, “आईंचं वय झालं रे. विसरतात.” तो म्हणाला, “कदाचित तुझा तो मसाला नसलेला स्वयंपाक त्यांना जमत नसेल.” मी म्हणाले, “मीठ तर सगळ्यात असतं ना?” तो वाद मी जिंकले.

त्याच दिवसांत त्यांची उशी उन्हात टाकताना खाली एक पुडी सापडली. भाजलेल्या लाल मिरच्या, चार-पाच, आणि मिठाचे दोन खडे. मिरच्यांची टोकं कुरतडलेली. मी पुडी त्यांच्यापुढे धरली. त्या अपराध्यासारख्या बघत राहिल्या.

“वायच तोंडाक कायतरी होया गो,” त्या म्हणाल्या.

मी त्यांना अर्धा तास समजावलं. मणिपूर चक्रातला अग्नी, त्या अग्नीत तिखट पडलं की काय होतं, या वयात जिभेचे चोचले कसे परवडत नाहीत. ‘जिभेचे चोचले’ हे शब्द मी वापरले, मला पक्कं आठवतंय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पुडी मी कचऱ्यात टाकली.

शेवटच्या रविवारी मी मॅडमना आणि वर्गातल्या चौघींना घरी जेवायला बोलावलं. आईंना वाटत होतं, पाहुण्या येतायत तर काळ्या वाटाण्याचं सांबारं करावं, आंबोळ्या घालाव्यात. मी सांबाऱ्याला नाही म्हटलं. वालाचं बिरडं ठरलं, सौम्य, हिरव्या वाटपाचं, अनाहताला चालणारं. वाल भिजवणं, मोड काढणं, एकेक सोलणं, सगळं आईंनी केलं. दोन दिवस त्या त्यातच होत्या. दुपारी आम्ही सगळ्या खाली बसलो, डोळे मिटले, आणि पहिल्याच घासाला माझ्या कानशिलापर्यंत मीठ चढलं. डोळे उघडून पाहिलं तर मॅडम हलकं स्मित ठेवून चावत होत्या. चौघीही. मौन होतं, त्यामुळे कुणी काही बोललं नाही. मॅडम दोन भांडी पाणी प्यायल्या आणि बिरड्याची वाटी त्यांनी बाजूला सारली. आई दाराशी उभ्या राहून एकेकीच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, आणि पाच स्मितं पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी पाहिला. पाहुण्या गेल्यावर त्या मला म्हणाल्या, “सगळ्यांका आवाडला ना गो?”

मी वाटी त्यांच्या हातात दिली नाही, ‘तुम्हीच खाऊन बघा’ असंही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर कदाचित त्याच दिवशी सगळं उघड झालं असतं. मी खूप प्रेमळ आवाज काढला, मॅडमचा आवाज. “आई, उद्यापासून तुम्ही आराम करा. आयुष्यभर केलंत. आता मी बघते.”

त्यांनी वर पाहिलं. मग मिसळणाचा डबा, ज्याचं झाकण फक्त त्यांच्याच हातानं सरळ उघडायचं, तो ओट्यावरून माझ्या बाजूला सरकवला आणि हात पदराला पुसले.

त्या वर्षी मसाला मात्र त्याच करून आल्या होत्या, त्या रविवारच्या थोडं आधी. मी म्हटलं होतं, निम्माच करा, आपण आता खातो कुठं. सोसायटीच्या गच्चीवर वाळवण घालायला बंदी, म्हणून बेडगी आणि संकेश्वरी मिरच्या त्यांनी हॉलच्या खिडकीत, सरकत्या उन्हाबरोबर चादर सरकवत वाळवल्या होत्या. त्रिफळं, दगडफूल, नागकेशर निवडून पुड्या बांधल्या होत्या. गल्लीत त्या एकट्या गेल्या, लाल डोळ्यांनी आणि खुशीत परत आल्या. मला वेळ नव्हता. माझा त्या दिवशी सहस्राराचा उपवास होता.

एक वर्ष गेलं. माझं वेड तोवर ओसरलं होतं. तक्ता फ्रिजवरून कधी गेला कळलंही नाही, मौन सुटलं, घरात पुन्हा मासे शिजू लागले. स्वयंपाक मात्र माझ्याकडे राहिला. आई भाजी निवडून द्यायच्या, जुईचा डबा भरायच्या. विचारायच्या काहीच नाहीत. पुन्हा चैत्र आला तेव्हा त्या म्हणाल्या, “मसाल्याक तू जा. शेवंताकडेच भाजून घे, दुसऱ्या कोणाकडे देव नको.”

शेवंताबाई गल्लीच्या मध्यावर बसते. साताऱ्याकडची, वयानं माझ्यापेक्षा थोडी मोठी, अर्धं आयुष्य त्या कढईपाशी गेलेलं. मी आईंचं नाव सांगितलं तशी तिनं उलथणं थांबवलं.

“आज्जी नाय आल्या? बऱ्या हायत ना?”

“बऱ्या आहेत. आता घरचं मीच बघते.”

“बेस केलं. लई तरास व्हत व्हता त्यांना. वास येत न्हवता ना.”

मी म्हटलं, “कसला वास?”

ती माझ्याकडे बघत राहिली. “तापापास्नं. वास बी न्हाई आन चव बी न्हाई. मागल्या साली आल्या तवा म्हनल्या, शेवंता, माझं नाक गेलं, आता मिरची कशी भाजली ते तूच सांग. मी म्हनलं, सांगते. पर त्या कसल्या ऐकत्यात. हितं बसून येकेक मिरची कानापाशी न्हेऊन मोडायच्या.” तिनं कढईतली एक मिरची उचलली, माझ्या कानाशी धरली आणि मोडली. बारीक, कोरडा आवाज आला. “असा आवाज आला की झाली. वली असली की आवाज न्हाई येत. त्या म्हनायच्या, भाजीचं फोडनीवरनं कळतंय, मसाल्याचं रंगावरनं कळतंय. फकस्त मिठाचं काय कळत न्हाई, ते पोरं सांगत्यात. तिखट तेवढं लागायचं त्यांना. म्हनायच्या, तिखट खाल्लं की वाटतं तोंडात कायतरी हाय.”

मी तिथंच कढईशेजारच्या पिंपावर बसले. डंकांची मुसळं आपटत होती. माझे डोळे वाहत होते आणि आजूबाजूच्या बायकांचेही वाहत होते.

चाखायचं नाही ही त्यांची जन्माची रीत, म्हणून त्या आधी विचारायच्या. तापानंतर चाखूनही कळणार नव्हतं, म्हणून विचारायच्या. शब्द तेच, आवाज तोच, त्यामुळे त्यात काय बदललं ते आम्हाला समजलं नाही. त्यांना आमच्या जिभेवर स्वयंपाक करावा लागत होता. मी आधी ती जीभ बंद केली, मग डोळे मिटायला लावले, मग चेहऱ्यांवर खोटं स्मित बसवलं, आणि तरीही त्या महिनाभर समोर बसून त्या चेहऱ्यांवर मीठ शोधत होत्या. त्यांना जगातली एकच गोष्ट अजून लागत होती, ती मी उशीखालून काढून कचऱ्यात टाकली.

मसाला न घेताच घरी गेले. आई खिडकीशी बसून मेथी निवडत होत्या. मी विचारलं, “आई, सांगितलं का नाही?”

कशाबद्दल ते त्यांना लगेच कळलं. त्या एक जुडी संपेपर्यंत निवडत राहिल्या.

“सांगान काय झाला असता? नाक काय बाजारात गावता?” मग दुसरी जुडी सोडत, “चव कळना नाय, तिका चुलीकडे कोण उभा करतला?”

“मी केलं असतं.”

हे मी म्हटलं खरं, पण आमच्या दोघींचाही त्यावर विश्वास बसला नाही.

“आणि सांगूक नाय कसा?” त्या मेथीकडे बघत म्हणाल्या. “मी रोज इचारीत होतंय मगे.”

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

परळच्या एका डॉक्टरांकडे त्यांना नेलं. त्यांनी नाकात दिवा घालून पाहिलं, जिभेवर साखर, मीठ, कॉफी ठेवून पाहिली, आणि म्हणाले, ताप गेल्यावर लगेच आला असतात तर प्रयत्न केला असता, आता अवघड आहे. मी त्यांना स्वयंपाकघरात परत यायची विनवणी केली. म्हटलं, मी शेजारी उभी राहून चव सांगते, तुम्ही करा. त्यांनी माझा हात थोपटला. “आता तुझो हात बसलो हा,” म्हणाल्या. मिसळणाच्या डब्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मला दादरच्या मॅडमचा राग येत नाही. त्या सांगत ते खोटं नव्हतं. घासाकडे लक्ष द्या, तो कुठून आला, कुणाच्या हातून आला याचं स्मरण ठेवा, हेही त्यांनी सांगितलं होतं, माझ्या वहीत आहे. मी त्याखाली रेघ मारली होती. पालक शेतातून आला, पाऊस आला, सूर्य आला, असं सगळं स्मरण मी डोळे मिटून करत असे. समोर डाव घेऊन उभ्या असलेल्या बाईपर्यंत माझं स्मरण कधी पोचलं नाही. आणि जेवणाकडे मनापासून लक्ष असलेलं माणूस आमच्या घरात एकच होतं, ते मला चित्त थाऱ्यावर नसलेलं वाटलं.

यंदा पुन्हा शिंका सुरू झाल्या आहेत. आई आता ऐंशीच्या पुढे आहेत, खाली उतरत नाहीत. गेल्या वर्षी मी मसाल्याला गेले तेव्हा शेवंताबाईकडून भाजलेल्या चार मिरच्या कागदात बांधून आणल्या. मनात होतं, कशी ओळखायची ते आईंकडून शिकून घ्यावं. इतकी वर्षं शिकले नव्हते. त्यांच्या कानाशी एक मिरची नेऊन मोडली. त्यांनी डोळे बारीक केले. मी दुसरी मोडली, अगदी कानाला लावून.

“कायच ऐकाक येणा नाय गो,” त्या म्हणाल्या, आणि अर्धी मिरची माझ्या हातातून घेऊन तोंडात टाकली. डोळ्यांत पाणी आलं तशा हसल्या. “ह्या मात्र लागता.”

आता त्यांच्या जेवणाबरोबर रोज मिरची असते. मी स्वतः भाजून ठेवते.

आता मी विचारते. पहिला घास त्यांच्या तोंडात गेला की त्यांच्या समोर वाकून, ओठ दिसतील असं, मोठ्यानं विचारते, “आई, मीठ कसं झालंय?” आणि त्या रोज सांगतात, “बरा झालाहा.” मी खूप दिवस वाट पाहिली, एखाद्या दिवशी तरी कमी म्हणतील, जास्त म्हणतील. कधीच नाही. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेलेलं माणूस सांगतं तसं सांगतात.

परवा मी मुद्दाम एक केलं. आमटीत मीठ घातलंच नाही. नितीनला आणि जुईला आधी सांगून ठेवलं, तोंडं वाकडी करा, अजिबात लपवू नका. मला वाटत होतं, त्या आमचे चेहरे वाचतील आणि एकदा, एकदाच, ‘काय गो, मीठ खंय गेला?’ म्हणून मला रागावतील. ओट्यापाशी उठून येतील. आम्ही जेवायला बसलो. नितीननं पहिला भुरका मारला आणि नाक मुरडलं. जुईनं तर भाताचा घास परत ताटात ठेवला. आईंनी नितीनकडे पाहिलं, जुईकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे. त्यांना कळलं होतं. मला ते दिसलं.

मी विचारलं, “आई, मीठ कसं झालंय?”

“बरा झालाहा,” त्या म्हणाल्या, आणि आपल्या पानाशेजारची मिठाची वाटी, माझं लक्ष नाही असं समजून, हळूच नितीनच्या ताटाकडे सरकवली.